तळहातावरचा गोल

आई गं,

आज दुपारी जरा डोळा लागला होता. खिडकीतून खाडीचं वारं येत होतं, आणि कुणीतरी माझ्या तळहातावर बोटाने गोल काढला. तूच! दुसरं कोण काढणार? डोळे न उघडताच मी म्हटलं, "लवकर ये गं." मग जाणवलं, बोट जाडं आहे, खरखरीत. दादा होता तो. म्हणून कामावरून आल्यावर तुला लिहायला बसले.

दादाला जन्मापासून ऐकू नाही, विशीत नजरही गेली, तेव्हा तू हटून बसलीस. "माझा पोरगा मुका न्हाय राहनार." तळहातावर अंगठा चोळला की मीठ, दोन टिचक्या म्हणजे जेवण. आणि गोल म्हणजे 'येते'. मिठागरावर निघालीस की गोल, बाजाराला निघालीस की गोल. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, हा तुझा दंडक. हातांच्या भाषेतही 'जाते'ला तू जागा ठेवली नाहीस. का गं? कधीतरी लागेल, असं वाटलं नाही?

तू गेलीस त्या दिवशी घर माणसांनी भरलं. काका म्हणाले, "त्याला काय कलनार हाय? बसू दे आत." आणि मी बसवलं! नजर गेल्यापासून ज्याला तुझा चेहरा फक्त हातांनीच दिसायचा, त्याला शेवटचा हात लावू दिला नाही. तुला नेल्यावर त्याने माझं मनगट धरून बांगड्यांची खूण केली, आई कुठे? मी गोल काढला.

मग तो ओट्यावर बसून राहिला. रोज, हात उघडा ठेवून. जमिनीत कुणाची पावलं जाणवली की मान वर करायचा. काही आठवड्यांनी मी कामाला निघताना त्याचा हात धरला, तर त्याने मूठ मिटली. खोटारड्या बहिणीचा गोल त्याला नको होता.

स्पर्शाची भाषा शिकवायला पेणहून बाई येतात, त्या माझ्यावर रागावल्या. "ऐकू येत नाही, दिसत नाही, म्हणून दुःखही होत नाही का त्याला? सांगा त्याला!" कसं सांगू? मग मोत्या आठवला. कुत्रा मेला तेव्हा तू दादाचा हात त्याच्या गार अंगावर ठेवला होतास, नंतर तोच तळहात जमिनीवर पालथा टेकवला होतास. कायमचं जाण्याची खूण होती गं! मीच विसरले होते.

परवा त्याला तुझी रिकामी खाट चाचपू दिली, तुझ्या बांगड्या हातात दिल्या आणि त्याचा तळहात जमिनीवर पालथा टेकवला. त्याने बांगड्या एकेक करून चाचपल्या. मग मोठ्याने रडला. मीही रडले. त्याने चाचपत माझे गाल पुसले.

आणि आज दुपारी त्याने स्वतःहून माझ्या हातावर गोल काढला. तू अंगणापासून बांधापर्यंत बांधलेली दोरी धरून एकटाच निघाला. मी दारातच थांबले. उन्हात मिठाचे ढीग पांढरे झाले होते, त्यांच्यात तो हळूहळू पुसट होत गेला. वाटलं, पलीकडे तू हात पुढे करून उभी आहेस. किती वेळ गेला कोण जाणे! मग दोरी हलली. तो परत आला, बोटांना मीठ लागलेलं, आणि मी कामाला निघताना त्याने आपला तळहात माझ्यापुढे उघडला.

आई, शब्द देते, परत येणार असेन तरच तिथे गोल काढीन. आणि ज्या दिवशी माझं येणं व्हायचं नाही, त्या दिवशी दादाला आधी माझ्याजवळ आणायचं, हात लावू द्यायचा, हे काकांसकट सगळ्यांना आजच बजावलंय.

तुझी,
सुमी