चाळणीतलं घर

४ मार्च
आलो एकदाचे! दोन खोल्या, ऐसपैस अंगण आणि चहूबाजूंनी जंगल. इथे माणसं राहतात की माकडं, असं बाबांनी वाटभर विचारून भंडावलं. आता अंगणात खुर्ची टाकून राजासारखे बसलेत. गुडघ्याचं निमित्त, उठायचं नाव नाही. दोघांचा चहा मीच केला.

माझं काम ऐकून हसले. आकाशातून झाडं मोजायचा पगार मिळतो होय! तेव्हापासून मला ‘साहेब’ म्हणताहेत. दर पाच दिवसांनी सकाळी साडेदहाला उपग्रह डोक्यावरून जातो, दुपारी त्याचा फोटो येतो. फोटोतली एक चौकट म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. जंगल हिरवं, बाकी सगळं लाल. आमचं घर-अंगण मिळून सहा लाल चौकटी. यात माझी खुर्ची दाखव, म्हणाले.

९ मार्च
ऑफिसात मुख्य बाईंनी ‘चाळणी’ शिकवली. पाचपेक्षा कमी चौकटींचा सुटा ठिपका दिसला की तो फोटोतला दोष समजायचा. चाळणी तो पुसते आणि आजूबाजूचा रंग भरते. घराजवळच्या चौकीदाराची झोपडी अंगणासकट तीनच चौकटींची. कालच त्याने बाबांना काठी तासून दिली होती, मिशीतल्या मिशीत हसत. मनात पाल चुकचुकली, पण नवी नोकरी. बटण दाबलं. नकाशा लख्ख झाला. बाईंनी शाबासकी दिली, मी खूश.

११ मार्च
झोपडीच्या जागी झाडं आहेत. कवेत न मावणारी. बाई म्हणतात, तिथे चौकीदार कधी नेमलाच नव्हता. बाबांनीही विचारलं, कोण चौकीदार? हातात तीच काठी! म्हणे बाजारातून घेतली. मलासुद्धा त्याचा चेहरा आठवत नाही. ९ तारखेचं पान वाचलं म्हणून कळलं, तो होता. मला भीती वाटते आहे.

१४ मार्च
घर पाच चौकटी. कपड्यांची दोरी होती तिथे झाड आहे. फोनवर बाईंच्या हातापाया पडले, चाळणी थांबवा म्हटलं. ती आता प्रत्येक फोटोवर आपोआप चालते, एका घरासाठी बंद होत नाही, म्हणाल्या. वर मला विश्रांती घ्यायला सांगितली. उद्याच बाबांना घेऊन निघते.

१५ मार्च
रस्ता नाही. कालच्या फोटोत फांद्यांआड तुटक तुटक दिसत होता, कुठे दोन चौकटी, कुठे तीन. चाळणीने पुसला. बाई म्हणतात, तिथे रस्ता नव्हताच. मग आम्ही आलो कसे? बाबांना दहा पावलं चालवत नाहीत. त्यांना टाकून जाऊ? शक्यच नाही.

१८ मार्च
अंगणात आणखी एक झाड. चारच चौकटी उरल्या, आणि उद्या फोटो. पाचवी हवी — घराला लागून — चादरी! पांढरं काहीही —

१९ मार्च, सकाळ
चादरी, पडदे, टॉवेल. एका बाजूला मी, दुसरीकडे बाबा. त्यांच्या बाजूला झाडाची सावली आडवी आली आहे. तो तुकडा घरापासून सुटा दिसेल. वारा. दगड पुरत नाहीत. ते खुर्ची टाकून चादरीवरच बसले. आत या म्हणून ओरडते आहे, ऐकत नाहीत. साहेब, तुमची बाजू सांभाळा, म्हणतात. हसताहेत. साडेदहाला दोन मिनिटं —

१९ मार्च, दुपार
घर पाच चौकटी. जीव भांड्यात पडला. पलीकडे एक लाल चौकट सुटी होती, चाळणीने काढली. नकाशा लख्ख.

अंगणातल्या जुन्या झाडाखाली कुणीतरी काठी विसरलंय. चहा केला. दोन कप का भरले, कळेना.

मागची पानं वाचते आहे. अक्षर माझंच. पानोपानी ‘बाबा’ लिहिलंय. कोण बाबा?