डोळे बांधलेला पाणाड्या

तिसगाव, ६ डिसेंबर १९७२

चि. काकासाहेब यास अ. उ. आ.

पन्नाशीत मी इथल्या नव्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला आले तेव्हा तू हसलास. आता ऐक.

दुष्काळात कॉलेजची विहीर आटली. नवी कुठे खोदायची हे सांगायला अध्यक्ष आबासाहेबांनी पाणाड्या आणला. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो चालला आणि लिंबाखाली नारळ उभा राहिला. सगळ्यांनी हात जोडले. माझ्या वर्गातल्या बन्सीने मात्र विनंती केली की आता डोळे बांधून चाला. रुमाल मीच दिला. या खेपेला नारळ सायकली लावतात तिथे उभा राहिला! मी तिथल्या तिथे मुलांना सांगून टाकलं की लिंबाखाली पाणी नाही.

आबासाहेब तापलेत. सोमवारी वर्गासमोर पाणाड्याची माफी माग, नाहीतर राजीनामा दे, असा निरोप आहे. मी माफी मागणार नाही. फार दिवसांनी इतकं बरं वाटतंय.

घरच्यांना आशीर्वाद. बहिणीची आठवण ठेव.

तुझी अक्का

सावेडी, ९ डिसेंबर १९७२

ती. अक्कास सा. न. वि. वि.

दोन शब्दांनी कुणाचं काय जातं? मागून टाक माफी. नाहीच जमलं तर इकडे ये, पुढच्या खोलीतली पोती हलवून ती झाडून ठेवली आहे. फक्त कुणी आमटी अळणी आहे म्हटलं की पुरावा मागू नकोस, एवढंच सौ.चं म्हणणं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझा काकासाहेब

तिसगाव, ११ डिसेंबर १९७२

चि. काकासाहेब यास अ. उ. आ.

माफी मागितली, पण पाणाड्याची नव्हे.

आबासाहेब पुढच्या बाकावर येऊन बसले होते. मी बोलणार तोच चांगुणा उठली. या मुलीने वर्षभरात तोंड उघडलेलं नव्हतं. म्हणाली, "बाई, नारळ चुकला एवढंच आमी पाहिलं. लिंबाखाली पाणी न्हाई हे तुमी कशावरून सांगितलं?"

कशावरूनच नाही. मी तसं कबूल केलं आणि तिची माफी मागितली. काकासाहेब, मला नाचावंसं वाटत होतं.

आबासाहेब खुलले. म्हणजे आमचा पाणाड्या खरा, म्हणाले. चांगुणा बसलीच नव्हती. तिने त्यांनाही ऐकवलं की तिथे पाणी लागलं तरी तेवढ्याने तो खरा ठरत नाही.

आबासाहेबांनी टोपी हातात घेतली. राजीनाम्याचं नावही काढलं नाही. मग विचारलं की मंग खांदायचं कुठं? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून उद्या वर्ग गावातल्या विहिरी पाहायला निघतोय, कुठे किती खोल पाणी लागलं ते विचारत. आबासाहेब जीप देणार आहेत. त्यांनाही सोबत यायचंय. मी म्हटलं, चांगुणाला विचारा.

खोलीत तुझी पोती परत ठेव. सौ.ला सांग, आमटी अळणी असली तर मी चाखूनच बोलेन. माया आहे तशी असू दे.

तुझी अक्का