वासेमाथाचा बसलेला आवाज

सोमवार, ४ मार्च

इतक्या उशिरा लिहितोय, माफ कर, वही. पेन धरवत नव्हतं. शनिवारच्या बोटीने वासेमाथा माहेरी आली — एकटीच. आवाज पार बसलेला. म्हणाली, "बाबा, बोटीवर वारं लागलं." लिंबाच्या पानांचा चहा करून दिला. गिळताना डोळे मिटून घेते. डोळ्यांत लाल ठिपके. मी म्हटलं, खारं पाणी गेलं असेल. माझी बहीण उलामिला म्हणाली, "दादा, तुला सगळं समुद्रावर ढकलायला बरं जमतं."

मंगळवार

उलामिलाने मला न विचारता पोलिसांना फोन केला. ठाण्यावरची लोसालिनी आली. होडीतून उतरली ती ओकतच. उलामिला म्हणते, "बाई, चोर पोहत पळाला तर काय करशील?" "किनाऱ्यावर वाट बघेन, मावशी. दमून परत येईलच." वासेमाथासुद्धा हसली. बिनआवाजाचं.

मग लोसालिनी मला म्हणाली, "मामा, जरा बाहेर बसता?" माझंच घर. बसलो फणसाखाली. किती वेळ आत कुजबुज चालली होती. बाहेर येऊन माझ्याशेजारी खाली बसली. "हे वारं नाही, मामा. नवऱ्याने गळा दाबलाय. डोळ्यांतले ठिपके त्याचेच. गालावर वळ असता तर मी इतकी घाबरले नसते. एकदा गळा दाबणारा पुन्हा दाबतो, आणि मग बाई उरत नाही." शुक्रवारी डॉक्टरकडे न्यायचं, तोवर तिला इथून हलू द्यायचं नाही. "समजूत काढायला कोणी आलं, तर आधी मला फोन."

हो म्हटलं.

बुधवार

आवाज जरा सुटलाय. मासे साफ करताना गुणगुणत होती. मी दारात उभा राहून ऐकलं.

गुरुवार

आले. जावई पेनिआसी, त्याचा थोरला चुलता आणि चार माणसं. चुलत्याच्या हातात ताम्बुआ — देवमाशाचा मोठा, पिवळा पडलेला दात. लोसालिनीला फोन केला, लागला नाही. एकदाच केला, खरं सांगायचं तर.

चुलता गुडघ्यांवर बसून बोलला. पोरगा चुकला, आमच्या घराची मान खाली आहे, पोटात घाला. पेनिआसी चटईकडे बघत रडत होता. खरंच रडत होता. स्वयंपाकघरात वासेमाथा नारळ खवत होती. तो आवाज थांबला. तिला कोणी काही विचारलं नाही. विचारत नाहीतच, दात पुरुषांनी द्यायचा, पुरुषांनी घ्यायचा; घेतला की माफ केलं, पोरगी परत सासरी. पुढे आलेला दात माझ्या बापाने कधी परतवला नाही, त्याच्या बापाने नाही. सगळे माझ्या हातांकडे बघत होते.

घेतला. त्यांनी ओंजळीने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांबरोबर यांगोना, ते मुळांचं कडवट पेय, प्यायलो. उलामिलाने अळकुड्यांचं ताट माझ्यापुढे आपटलं — "खा. सोयरे खूश झाले ना?"

शुक्रवार

डॉक्टरकडे जायचा दिवस. सकाळच्या बोटीने वासेमाथा नवऱ्याबरोबर सासरी गेली. मी म्हटलं, राहा दोन दिवस. म्हणाली, "तुम्ही घेतलात ना, बाबा. आता कशी राहू?" रागाने नाही. मी थंडीने कुडकुडत असल्यासारखा तिने माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला.

शनिवार

लोसालिनी आली. रागावेल वाटलं होतं. भिंतीवरच्या दाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मामा, हा समेट तुमच्या दोन घरांमधला. माझ्याकडची तक्रार अजून कायम आहे." पण वासेमाथाच्या सासरचं बेट दुसऱ्या ठाण्याचं. तिथली होडी बिघडलेली. दर्या खवळलेला. "मी स्वतः जाईन. बोट सुटू दे." वाटेत ओकेल बिचारी.

रविवार

चर्चमध्ये सगळे गायले. मी गाण्यांचं पुस्तक उघडलं, तसंच मिटलं.

सोमवार, ११ मार्च

वासेमाथाचा फोन आला. "बाबा, मी बरी आहे. जरा वारं लागलंय." आवाज पार बसलेला. मागे कोणीतरी खोकलं आणि फोन बंद झाला.

लोसालिनी ठाण्यावर नाही; पहाटेच त्या बेटाकडे निघाली म्हणतात. दात भिंतीवरून काढून पिशवीत घातलाय. परत नेऊन दिलेला मी कधी पाहिला नाही. बोट उद्याच्या आधी नाही. पोरी लोसालिनी, तू आधी पोचलीस तर कळव — लवकर कळव.