व्हिटेकरचं जुनं हेल्मेट

१३ सप्टेंबर २०२०, रविवार

सुरू झाला एकदाचा यांचा सीझन! संध्याकाळी सहापासून गिरीश टीव्हीसमोर. मांडीवर लेक ईशानी, तिच्या मांडीवर पॉपकॉर्न. मी कांदाभजी तळतेय. आणि व्हिटेकरने चार वेळा चेंडू सरळ समोरच्या टीमच्या हातात नेऊन दिला. चार!

व्हिटेकर म्हणजे आमच्या घरचा देव. अमेरिकन फुटबॉलच्या तिकडच्या लीगमधला क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचा तो त्यानेच, त्याचं बिनसलं की अख्ख्या टीमचं बिनसलं. इतकी वर्षं एकाच बनावटीचं हेल्मेट घालून खेळला. यंदा लीगने ते बाद केलं. नवीन घाला नाहीतर घरी बसा. आज बिचारा सारखा हनुवटीचा पट्टा ओढत होता, मान वाकडी करकरून बघत होता.

"कोणत्या गाढवाने काढला बे हा नियम?" गिरीश ओरडला. चिडला की त्याचं नागपूर बाहेर येतं. "कंपन्यांना नवा माल खपवायचा आहे, दुसरं काही नाही!"

मी भजी काढायला आत गेले. ते गाढव मी.

१४ सप्टेंबर

इथे तरी लिहूनच टाकते. एकटी मी नव्हते, पण त्यात होते.

आमच्या चेरीवूडच्या ऑफिसात टक्करीच्या चाचण्यांचे निकाल तपासतात. गाड्यांच्या सीट्स, सायकलची हेल्मेटं. गेल्या वर्षी लीगचं काम आलं. गुप्ततेच्या करारावर सह्या झाल्या. घरी नवऱ्याला सांगायचं नाही, शेजाऱ्याला नाही, कोणालाच नाही. गिरीशला वाटतं मी अजून सायकलींवरच आहे.

ते हेल्मेट नवं असताना झकास. जुनं झालं की आतला फोम पार लाकूड होतो. बाजूने मार बसला तर थेट डोक्याला. चाचणीचे व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिले आणि 'बाद करा' असं मीच लिहिलं. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही.

पण क्वार्टरबॅकला नव्या हेल्मेटच्या तोंडावरच्या जाळीतून खाली किती दिसतं, कडेला किती दिसतं? हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. दर रविवारी हा खेळ बघणाऱ्या मलासुद्धा नाही! आम्ही मार मोजला, नजर मोजलीच नाही.

आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. ते हेल्मेट आमच्या घरात आहे. गिरीश इथल्या आयरिश हौशी क्लबचा क्वार्टरबॅक. व्हिटेकर घालतो म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी तसलंच, वापरलेलं, अमेरिकेतून मागवलं. इथल्या हौशी लोकांना तो नियम लागू नाही. सध्या क्लब बंद, म्हणून ते जिन्याखालच्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) पडलंय. पडू दे.

१८ ऑक्टोबर

व्हिटेकर परत हरला. गिरीश जेवला नाही. पिठलं वाया.

२५ ऑक्टोबर

परत लॉकडाऊन. पाच किलोमीटरच्या आत काय ते फिरा.

आज विषय काढला. म्हटलं, ते बाद झालेलं हेल्मेट टाकून दे ना. नवीन घेऊ.

"मजाक करून राहिली का? ते व्हिटेकरचं मॉडेल आहे!"

"लीगने उगाच बाद केलं का?"

"लीगचं तू मला नको सांगू. ते सगळे विकले गेलेले."

आता विकले गेलेल्यांतली एक समोर बसून त्याच्या पानात भात वाढत होती. सांगावं असं तोंडापर्यंत आलं. मग वाटलं, नोकरी जाईल. नोकरीचं तरी निमित्तच. व्हिटेकरची वाट लावणारी बाई याच घरात आहे हे कळल्यावर तो माझ्याकडे कसा बघेल, त्याचीच जास्त भीती वाटली. किती क्षुद्र!

३ जानेवारी २०२१

व्हिटेकरला बाकावर बसवलं. त्याच्या जागी कोणीतरी पोरगेलासा. ईशानी म्हणाली, "डॅड, युअर मॅन इज डन." तिचा बाप तिच्याशी तासभर बोलला नाही.

९ फेब्रुवारी

व्हिटेकर निवृत्त. मुलाखतीत म्हणाला, मला माझी माणसंच दिसत नव्हती. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. माझा कोण लागतो तो? कोणी नाही. पण त्याची उरलेली एक-दोन वर्षं मी खाल्ली असं वाटत राहिलं.

बाहेर आले तर गिरीशचे डोळेही लाल. "त्या नियमवाल्याला एकदा भेटायचं आहे मला," म्हणाला. मी त्याला चहा दिला.

१७ मार्च

सेंट पॅट्रिक्स डे, मिरवणूक नाही, काही नाही. गिरीश दुकानात गेला तेवढ्यात हेल्मेट माळ्यावर नेऊन जुन्या रजयांखाली लपवलं. चाळिशीत आलेली बाई मी, चोरासारखी शिडीवर!

२ एप्रिल

सापडलं. "हे वर कसं गेलं?" मी म्हटलं, साफसफाई. त्याने ते पुसून परत प्रेसमध्ये ठेवलं.

१५ मे

क्लब सुरू. अजून अंगाला अंग लावायचं नाही म्हणे, नुसतं पळायचं आणि फेकायचं. देव पावला.

१० जुलै

गिरीशच्या वाढदिवसाला नवीन हेल्मेट आणलं. आमच्या चाचण्यांच्या यादीतलं सगळ्यात वरचं. त्याने घालून बघितलं, अंगणात चार चेंडू फेकले. चारही कुंपणावर.

"घोड्याला झापडं लावल्यासारखं वाटतं गं. बाजूचं दिसतच नाही."

मी म्हटलं, सवय होईल. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"मृणाल, मला एक कारण सांग. धड एक कारण. आत्ता जुनं टाकतो."

आत्ता टाकतो म्हणाला होता! मी म्हटलं, "काळजी वाटते."

"काळजी हे कारण नाही, तो तुझा स्वभाव आहे." हसला, आणि नवीन हेल्मेट खोक्यात परत भरलं.

२४ जुलै, शनिवार

आजपासून अंगावर जायचा सराव. दुपारी डेक्लनचा, त्यांच्या कोचचा फोन. गिरीशला कानशिलाजवळ मार बसला, उठला, पण काहीतरी भलतंच बोलतोय.

हॉस्पिटलात सध्या कोणाला आत सोडत नाहीत, पण तो घाबरला होता म्हणून मला सोडलं. स्कॅन स्वच्छ आहे. हेल्मेट ते जुनंच होतं; त्याच्या आतला फोम लाकूड झाला होता, तो फक्त मला दिसत होता. नर्स म्हणाली, "ही'ल बी ग्रँड, लव्ह. बरा होईल. तो परत परत तेच विचारेल, तुम्ही शांतपणे उत्तर देत राहा."

त्याने विचारलं, "व्हिटेकर खेळतोय ना?"

नाही रे, सोडलं त्याने.

"का?"

हेल्मेटचा नियम बदलला.

"कोणी काढला तो?"

मी म्हटलं, मी. त्याने माझ्याकडे बघितलं, अगदी साधं, लहान मुलासारखं. "तू? मग बरोबरच असेल." जरा वेळाने म्हणाला, "मग मला का नाही सांगितलंस? टाकलं असतं ना मी."

आणि थोड्या वेळाने परत, "व्हिटेकर खेळतोय ना?"

प्रत्येक वेळी सांगितलं. प्रत्येक वेळी तेच: मग बरोबरच असेल, टाकलं असतं ना मी. ज्या रागाला वर्षभर भ्यायले तो राग नव्हताच! एकदा, फक्त एकदा त्या भजीच्या दिवशी बोलले असते तर.

२६ जुलै

घरी आणलं. दोन दिवसांतलं त्याला काहीच आठवत नाही. झोपून असतो, उजेड सहन होत नाही. ईशानी पायाजवळ बसून असते.

१ ऑगस्ट

आता ठीक आहे. खेळणं मात्र संपलं, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. सकाळी चहा घेताना मी त्याला सगळं पुन्हा सांगितलं. आज त्याच्या लक्षात राहणार होतं.

त्याने कप खाली ठेवला. "कधीपासून माहीत होतं तुला?" एवढंच म्हणाला.

हॉस्पिटलात हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.