वेणूबाईंचा डावा पाय

वाघोली, पुणे
१८ जानेवारी २०२५

सुदर्शनच्या बाबांना वेणूचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. सुदर्शन गाडीपाशी घ्यायला आला होता. काल फोन केला तर तुम्ही आपलं कोण, कोण असंच विचारत राहिलात. शेवटी शेजारच्या बाबुरावांनी फोन घेतला आणि म्हणाले, वहिनी, यांना काही ऐकू आलं नाही, गल्लीला मात्र सगळं कळलं. तेव्हा म्हटलं, पत्रच बरं. कापसाच्या जिनिंग गिरणीतल्या घरघरीने तुमचे कान नेले, डोळे तरी ठेवलेत.

पायाचं सांगते. कर्वेनगरच्या बाजूला एक दवाखाना आहे. तिथे साखरेच्या जखमांसाठी नवं यंत्र तपासून बघतायत. तळव्याच्या जखमेवर पट्टी, पट्टीतून निघालेली बारीक नळी, आणि नळीच्या टोकाला कमरेला लावायची डबी. ती जखमेतलं पाणी ओढून घेते, म्हणजे जखम लवकर भरावी. पण गंमत अशी की अर्ध्या लोकांची डबी खरंच ओढते आणि अर्ध्यांची नुसती घूं घूं करते. कोणाची कोणती ते आम्हालाही माहीत नाही आणि डॉक्टरीणबाईंनाही नाही. बाकी इन्सुलिन, औषधं, पट्ट्या सगळ्यांना सारख्या. मी विचारलं, मग नुसती घूं घूं कशाला? डॉ. माहेनूर म्हणाल्या, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय यंत्राचा गुण कसा कळेल? मला पटलं. सही केली. जुलैपर्यंत राहावं लागेल.

जुलै लिहिताना हात थांबला होता जरा. तुमची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नाही. लोभ आहे तो इतक्या लांबून पातळ होऊ देऊ नये.

आपली,
वेणू


कारंजा
२ फेब्रुवारी

सौ. वेणूस बद्रीनाथचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सर्व ठीक. भाकरी थापतो. पहिली विदर्भाच्या नकाशासारखी झाली होती, आता निदान तालुक्यासारखी होते.

तू गेल्यापासून घर शांत झालं असं लिहिणार होतो. पण माझ्यासाठी ते कधीपासून शांतच आहे. फरक एवढाच की तू बोलायचीस ते मला दिसायचं. ओट्यापाशी पाठमोरी असलीस तरी मानेवरून कळायचं, माझ्याबद्दलच काहीतरी चाललंय. आता बघायला काही नाही. टीव्हीवरची माणसं ओठ हलवतात, पण त्यातलं कोणी माझ्यावर रागावत नाही.

तुझ्या वाट्याला ओढणारी डबी आलेली असो. गोळी जेवणाआधीच घेतो. कधी कधी जेवायचं राहतं, गोळी घेतलेली असते. हे वाचून चिडू नकोस. चिडलीस तर तसं लिही, मला बरं वाटेल.

लोभ आहेच, तो तसाच राहो.

बद्रीनाथ


वाघोली
११ मार्च

सुदर्शनच्या बाबांना सा. न. वि. वि.

गोळी घेऊन जेवायचं नाही, हा काय प्रकार आहे? चक्कर येऊन पडलात तर कोण उचलणार, बाबुराव? त्यांची कंबर आधीच गेलेली. चिडले आहे. घ्या.

दर गुरुवारी डॉ. माहेनूर पायाला नायलॉनचा एक बारीक धागा टेकवतात आणि कळलं का म्हणून विचारतात. डोळे मिटून सांगायचं. मला काही कळेना. पण सारखं नाही नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मध्येच दोनदा हो म्हटलं. बाई हसल्या. म्हणाल्या, मावशी, मी अजून धागा लावलाच नाही, ही काय पास व्हायची परीक्षा आहे का? मग त्यांनी वहीत नोंद केली. तळव्याला काहीच कळत नाही हो माझ्या. पायात खिळा घेऊन मी बाजारभर हिंडले, ते त्यामुळेच.

आता मुख्य सांगते, बसून वाचा. पायाची करंगळी काळी पडली आहे. तिथे रक्त पोचवणारी शीर बुजली आहे म्हणे. परवा काढणार. घाबरू नका. अपेक्षा रजा घेऊन सोबत राहणार आहे. वाघोलीहून कर्वेनगर म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं, पण सुनेच्या तोंडून अजून एक तक्रार ऐकली नाही.

माया असू द्यावी.

वेणू


कारंजा
१९ मार्च

सौ. वेणूस आशीर्वाद.

करंगळी गेल्याचं सुदर्शनने बाबुरावच्या फोनवर कळवलं. बस झालं आता. माझी बायको काय तपासायचा नमुना आहे? कोणाला ठाऊक, तुझ्या कमरेला नुसतं घूं घूंच बांधलेलं असेल. अकोल्याला डॉक्टर नाहीत का? रविवारी गाडीत बसतो आणि तुला घेऊन येतो. सामान बांधून ठेव.

हे रागाने लिहिलंय असं समजू नकोस. म्हणजे रागानेच लिहिलंय, पण सगळं रागाने नाही. काल बाबुरावच्या घरून वरण आलं होतं. चांगलं होतं. अर्ध्यावर ताट सारलं.

बद्रीनाथ


वाघोली
२२ मार्च

सुदर्शनच्या बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्ता मिळालं. पोस्टाने उत्तर वेळेत पोचणार नाही, म्हणून सुदर्शन या पत्राचा फोटो बाबुरावांना पाठवतो आहे.

येऊ नका. म्हणजे बघायला या, न्यायला येऊ नका. डॉ. माहेनूरनी मला सरळ विचारलं, मावशी, सोडायचं असेल तर आजही सोडा, उपचार थांबणार नाहीत. मी म्हटलं, राहते. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे तुम्हाला लागेल. लागू द्या.

माझी यमुताई आठवते? गुडघ्याखाली पाय कापला आणि पुढच्या दिवाळीला ती नव्हती. सगळे म्हणाले, साखर होती. संपलं. तिची जखम आज किती भरली, असं कोणी एकदाही विचारलं नाही. इथे माझी मोजतात, फोटो काढतात आणि जरा लहान झाली तर त्या डॉक्टरीणबाई आनंदाने सगळ्यांना सांगत सुटतात. गुरुवारी शेजारच्या खाटेवर सलीमाआपा असतात, त्यांचाही असाच पाय. आम्ही एकमेकींना विचारतो, तुमची डबी ओढते की माझी? माझ्या पायामुळे पुढच्या एखाद्या यमुताईचा पाय राहणार असेल, तर मध्येच उठून कशी येऊ?

आणि खरं सांगते, मला तुमच्याइतकंच घरी यायचं आहे. संध्याकाळी बाराव्या मजल्यावरून नजर पोचेल तिथवर दिवे दिसतात. त्यात आपला एकही नाही.

माझ्यावर रागवा, पण लोभ कमी करू नका.

वेणू


कारंजा
२४ मार्च

सौ. वेणूस आशीर्वाद.

मी बॅग घेऊन स्टँडवर होतो. बाबुराव धापा टाकत फोन घेऊन आला. वाचलं आणि गाडी सोडून दिली. बाकावर बसून राहिलो. कंडक्टरने काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो. काय विचारलं देव जाणे.

राहा. ठरवलंस ते ठरवलंस. मी बघायला येणार नाही, कारण बघायला आलो तर न्यायलाच आलो असं होईल. फक्त लिहीत जा आणि मोठं लिही. छोटं पत्र एका बैठकीत संपतं.

लोभ कमी करायचा म्हटला तरी जमत नाही.

बद्रीनाथ


वाघोली
२१ जुलै

सुदर्शनच्या बाबांना सा. न. वि. वि.

जखम भरली. कालच शेवटची पट्टी काढली. खाली गुलाबी, नवी कातडी आहे, तान्ह्या बाळाची असते तशी.

तपासणीही संपली. कोणाची डबी कोणती ते उघड झालं. तुम्ही रागात लिहिलं होतं तेच खरं निघालं, माझी नुसतीच घूं घूं करत होती. सलीमाआपांची ओढणारी होती, त्यांची जखम एप्रिलमध्येच भरली होती. ओढणाऱ्या डबीवाल्यांना पुष्कळ गुण आला म्हणतात. सांगताना डॉ. माहेनूर यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीच त्यांना म्हटलं, अहो, तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? घरी येऊन मात्र मी थोडी रडले. अपेक्षाने चहा केला, ते बरं केलं तिने.

शनिवारी सकाळी पोचते. उत्तर लिहू नका, स्टँडवर या.

वेणू


कारंजा
१७ ऑगस्ट

चि. सौ. अपेक्षा हिस अ. उ. आ.

तुझे सासरे स्टँडवर कोणाची तरी चाकांची खुर्ची घेऊन उभे होते. मी पायऱ्या उतरून चालत त्यांच्यासमोर गेले, तर इतक्या मोठ्याने आलीस का म्हणाले की अख्खा स्टँड वळून बघायला लागला. खुर्चीत माझी पिशवी बसली. ती खुर्ची घरापर्यंत ढकलत आणली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, त्या डॉक्टरीणबाईंना कळव, मी रागावलो होतो, आता नाही.

तळवा रोज तपासायला सांगितलाय, पण मला वाकून तिथलं दिसत नाही. म्हणून संध्याकाळी हे खाली बसतात, माझा पाय मांडीवर घेतात आणि चष्मा लावून बोटाबोटाच्या फटी बघतात. लग्नापासून मी यांच्या पाया पडत आले. यांनी माझ्या पायाला कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी मी लाजून पाय मागे ओढला, तर ओरडले, हलू नकोस.

अपेक्षा, यांचा हात पायाला लागतो तो मला कळत नाही गं. फक्त दिसतो. इतक्या वर्षांनी लागला आणि कळत नाही. मी नुसती बघत राहते.

डॉ. माहेनूरना विचार, तळव्याला पुन्हा कधी कळायला लागतं का? आज औषध नसेल तर नसो. पण त्याचा अभ्यास कुठे सुरू होणार असेल, तर त्यात माझं नाव घाल म्हणावं. घूं घूं मिळाली तरी चालेल. यांना मी कागदावर लिहून विचारलं. वाचून म्हणाले, या वेळी दोघं जाऊ.

सुदर्शनला आशीर्वाद. आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी सासू,
वेणू