बोट लागू नये म्हणून

ती. आईस,
अजून वाकवत नाही, म्हणून बसूनच नमस्कार.

मी ठणठणीत आहे, असं दर पत्रात लिहिते, तसं आज लिहीत नाही. काल पहिल्यांदाच सहलीच्या गिऱ्हाइकांबरोबर खोल समुद्रात मासेमारीला गेले. सहा महिने ऑफिसात बसून मी फोनवर सगळ्यांना बजावते आहे: टोपी आणा, स्वेटर आणा, बोट लागू नये म्हणून तासभर आधी गोळी घ्या. स्वतः मात्र निघाले उंच टाचांच्या चपला घालून. गोळ्या गिऱ्हाइकांसाठी असतात, असं मला वाटायचं!

किनारा दिसेनासा झाला आणि माझ्या पोटातलं सगळं माशांना मिळालं. गिऱ्हाइकांतल्या एका आजींनी आपला स्वेटर माझ्या अंगात घातला, तोंड धुवायला पाणी दिलं.

"फोनवर केवढी दरडावत होतीस गं! याआधी किती वेळा आलीस समुद्रात?"

"एकदाही नाही," मी म्हणाले. कप्तान मागेच उभा होता. नोकरी गेली, असं वाटून मला रडूच फुटलं.

"रडतेस कशाला?" तो म्हणाला. "आता गोळीचं महत्त्व तुझ्याइतकं कोण पटवून देणार?"

तुझा गुडघा कसा आहे? बरा आहे, असं लिहू नकोस. खरं लिही. मीही आज पहिल्यांदाच खरं लिहिलंय.

तुझी,
कालपासून पेजेवर असलेली लेक