देवाच्या भाषेत टपालकचेरी

रत्नागिरी, एप्रिल १९३४

चिरंजीव जावईबापू रूबेनराव यांस हसाजीचा शालोम आणि अनेक आशीर्वाद. तिकडे हायफात तुम्ही व लेआ खुशाल असाल. आमच्या गुडघ्यांची चौकशी न कराल तर बरे.

लेआच्या पहिल्या बाळंतपणाला तुमच्या सासूबाईंनी यावे, पण तुम्ही दिवसभर कामावर, म्हणून इस्पितळ, टपाल, पोलीस एवढे हिब्रू शब्द तरी शिकून यावे, असे तुम्ही कळवलेत आणि शब्दही पाठवलेत. शिकवणी मीच धरली. (मी स्वतः येणार नाही. ऐन हापूसच्या दिवसांत बाग टाकून समुद्र ओलांडायला मला वेड लागलेले नाही, हे साऱ्या आळीला सांगून झाले आहे.) अडचण एवढीच की आपण कोकणातले बेने इस्राएल यहुदी हिब्रू शिकलो ती प्रार्थनेपुरती, आणि तीही चालीवर. चाल सोडली की माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. तेव्हा 'बेत-होलीम' म्हणजे इस्पितळ, 'मिश्तारा' म्हणजे पोलीस, हे सारे मी शब्बाथच्या प्रार्थनेच्या चालीत गायलो, आणि सासूबाई सवयीने डोक्यावर पदर घेऊन प्रत्येक शब्दामागे 'आमेन' म्हणू लागल्या. शेजारच्या यमुनाबाई "आज तुमच्यात कसला सण हाय?" असे विचारायला आल्या, त्या 'इरिया' ऐकून हात जोडून बसल्याच. इरिया म्हणजे म्युनिसिपालिटी, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

चाल सोडा म्हणून बजावले, तर सासूबाई म्हणतात, "देवाच्या भाषेत शिपायाला हाक मारायची, ती काय अशी कोरडी? मला लेकीपाशी पोचवा, एवढं गोडीनंच मागायला हवं ना?" मग पुढचा शब्द मीही चालीतच घेतला. त्यांचा सारा जीव तिकडेच लागला आहे. पाणी भरतानाही इस्पितळ गातात.

परवा सरावासाठी त्यांना इथल्या टपालकचेरीत नेले. खिडकीशी डोळे मिटून त्यांनी हिब्रूत तिकिटे मागितली ती अशा सुरात की मास्तरांनी उठून नमस्कार केला. मागच्या रांगेनेही केला. तिकिटे मिळाली नाहीत, पण धोंडू गाडीवानाने घरापर्यंत फुकट आणले आणि बैलांसाठी आशीर्वाद मागून घेतला. लग्नानंतर आम्ही दोघे इतके कधी हसलो नव्हतो.

तर सासूबाई तयार आहेत. तिकडच्या पोलिसांना 'आमेन' म्हणायला सांगून ठेवा. लेआला पोटभर खाऊ घाला.

तुमचा सासरा,
हसाजी

ता. क. बाग आपला गडी केरू सांभाळील. आंबेही तोच उतरवील. त्याला विचारून ठेवले आहे.

दुसरा ता. क. तुमचे उत्तर सासूबाई आळीला मोठ्याने वाचून दाखवतात. तेव्हा 'मामा, तुम्हीही आलेच पाहिजे, नाहीतर आम्ही रागावू' असे त्यात दोनदा लिहा. एकदाच लिहिलेत तर मला नाही म्हणावे लागेल.